आवाज गेला की शिव्या साऊंडवाल्यालाच का?

आज पुन्हा कुणीतरी ब्रिटिश गायिका ॲडेलची ती ग्रॅमीची, म्हणजे अमेरिकेतल्या संगीत पुरस्कार सोहळ्याची, जुनी क्लिप शेअर केलीय. १५ फेब्रुवारी २०१६, लॉस एंजेलिस. वर ओळ, ‘साऊंडवाला झोपला होता!’ खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. माझ्या यादीतल्या चांगल्या, विचारी माणसांनीही तिथे हसून घेतलंय. राग आलाय, म्हणून लिहितेय.

त्या रात्री पियानोच्या आत लावलेले माइक तारांवर पडले. पियानोच्या जागी गिटारसारखा झणझणाट ऐकू यायला लागला आणि त्या बेसूर वाटणाऱ्या साथीवर ती बाई थेट प्रक्षेपणात गाणं शेवटापर्यंत गायली.

पियानोत माइक लावतात कसे ते बघा. झाकणाखाली, तारांपासून वीतभर उंचीवर दोन माइक, एक खर्जाच्या तारांकडे, एक वरच्या सप्तकाकडे. इतके जवळ ठेवावेच लागतात, कारण लांबचा माइक ड्रम आणि स्पीकरचा आवाजही गोळा करतो. ते छोट्या दांड्यांवर, क्लिपवर किंवा पियानोच्या बिडाच्या चौकटीला चिकटणाऱ्या चुंबकावर बसवतात. तालमीत सगळं उत्तम वाजतं. मग जाहिरातींच्या ब्रेकमध्ये तोच पियानो चाकांवरून ढकलत मंचावर आणायचा. जमिनीवरच्या केबलपट्टीवरून चाक गेलं की हादरा बसतो. दांडीचा एक स्क्रू सैल असला किंवा केबल स्वतःच्या वजनाने माइक ओढत असली, तर तेवढं पुरतं. म्हणून केबल आत दांडीला आणि बाहेर पियानोच्या पायाला, दोन्हीकडे टेपने बांधायची आणि पियानो जागेवर आला की झाकणाखाली टॉर्च मारून डोळ्यांनी बघायचं. दहा सेकंदांचं काम आहे. पण ते दहा सेकंद द्यायला कुणी तयार असतं का?

ब्रेक दोन-तीन मिनिटांचा. तेवढ्यात आधीच्या गाण्याचं सामान बाहेर, नवं आत, केबलींचे जाड जुडगे जोडायचे, गायकाच्या कानातलं यंत्र तपासायचं, आणि मग लाइन चेक. मंचावरचा माणूस एकेक माइक बोटाने खरवडतो, नंबर पुकारतो, कन्सोलवरचा, म्हणजे आवाज मिसळायच्या यंत्रावर बसलेला, ‘आला’ म्हणतो. तीस-चाळीस चॅनल (प्रत्येक माइकची कन्सोलवरची वाट) असले तर ब्रेक त्यातच संपतो. फ्लोअर मॅनेजर उलटी गिनती सुरू करतो आणि शेवटचे पाच-सहा चॅनल तसेच राहतात.

त्यात प्रत्येक माइकचा सिग्नल तीन ठिकाणी जातो. सभागृहाचा कन्सोल, कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या मॉनिटरचा कन्सोल आणि बाहेर उभ्या ओबी व्हॅनमधला, म्हणजे प्रक्षेपणाच्या गाडीतला, कन्सोल. कंडेन्सर माइकला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या नाजूक माइकला, लागणारे ४८ व्होल्ट त्यापैकी एकाच कन्सोलकडून येतात. तो वीजपुरवठा तिथे चुकून बंद झाला, तर तिन्हीकडे शांतता. उलट, फक्त व्हॅनकडे जाणारी जोडणी निसटली, तर समोर बसलेले टाळ्या वाजवतात आणि घरी बसलेल्यांना काही ऐकू येत नाही. ‘हॉलमध्ये तर छान ऐकू येत होतं’ हा काही पुरावा नव्हे.

हो, कधीकधी कन्सोलवरचा माणूसच चुकतो, चॅनल उघडायचा राहून जातो. मान्य. पुढे.

वायरलेस माइकची गोष्ट तर लोकांना माहीतच नसते. ५००.० आणि ५००.४ मेगाहर्ट्झवर दोन माइक जवळजवळ आले, की ४९९.६ आणि ५००.८ वर त्यांची नको असलेली पिल्लं, म्हणजे नवे सिग्नल, तयार होतात. तिसरा माइक नेमका तिथे लावला असेल, तर तो खरखरायलाच हवा. त्यामुळे सगळ्या माइक-इअरफोनच्या फ्रिक्वेन्सी आधी गणित करून ठरवतात. तालमीला हॉल रिकामा असतो. कार्यक्रमाला तो भरतो, माणसांची शरीरं लहरी शोषून घेतात, बातम्यांचे चमू न सांगता आपापले वायरलेस सुरू करतात, आणि सकाळचं गणित संध्याकाळी कोसळतं. अँटेना डोक्यांच्या वर, मंचाच्या जवळ लावायच्या आणि सेल कार्यक्रमाच्या आधी नवे घालायचे, अर्धे उरलेले असले तरी. हे सगळं केल्यावरही जोखीम उरतेच.

म्हणूनच मला ॲडेलच्या क्लिपवरचं हसणं सहन होत नाही. दोन गाण्यांमध्ये किती वेळ ठेवायचा हे साऊंडवाला ठरवत नाही. तो ठरवतात निर्माते, आणि एक गाणं कमी करू म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. बिघाड झाला की मात्र हेडफोन लावलेल्या माणसाकडे बोट!

पुढच्याच वर्षी, १२ फेब्रुवारी २०१७ला, त्याच सोहळ्यात मेटॅलिका या रॉक बँडचा गायक जेम्स हेटफिल्डचा माइक गाणं सुरू झाल्यावर मुकाच राहिला. तो सोबत गाणाऱ्या लेडी गागाच्या माइकवर जाऊन गायला, चिडून स्टँड पाडलं. त्याचा राग मला समजतो. पण अशा वेळी मंचाच्या कडेला सुरू असलेला जादा माइक घेऊन एक माणूस उभा हवा, आणि त्याने कधी धावायचं हे आधी ठरलेलं हवं.

नुसतं पर्यायी साधन ठेवून भागत नाही. त्याच महिन्यात, २६ फेब्रुवारीला, ऑस्करमध्ये विजेत्यांच्या नावांच्या पाकिटांचे दोन पूर्ण संच मंचाच्या दोन बाजूंना होते. सुरक्षेसाठीच. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पाकीट एका बाजूने दिलं गेलं, दुसऱ्या बाजूची तीच प्रत बाजूला झाली नाही, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट जाहीर करणाऱ्यांच्या हाती ती पडली. राखीव वस्तू कधी बाद करायची याचा नियम नसेल, तर तीच घात करते.

ॲडेलने नंतर सांगितलं, की ग्रॅमीच्या दुसऱ्या दिवशी ती जवळजवळ दिवसभर रडत होती. हे वाचलं की हसणाऱ्यांवरचा राग जरा निवळतो, वाईटच जास्त वाटतं. ओबी व्हॅनमध्ये बसलेल्यांची रात्र कशी गेली असेल? तेही संगीतावर जीव असलेलेच लोक.

आणि २०१७च्या त्याच ग्रॅमीत दिवंगत गायक जॉर्ज मायकलला श्रद्धांजली वाहताना सुरुवात बिघडली, तेव्हा ॲडेल थांबली, माफी मागितली आणि पुन्हा पहिल्यापासून गायली. प्रक्षेपण कोसळलं नाही. लोकांनी उभं राहून दाद दिली.

तेव्हा जे कुणी असे सोहळे करत असतील, त्यांनी एवढं करावं. रनिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे कार्यक्रमाच्या क्रमपत्रकात, प्रत्येक गाण्याआधी लाइन चेकची स्वतंत्र ओळ आणि तिच्यासमोर वेळ लिहा. ‘सगळे चॅनल आले’ हे टॉकबॅकवर (तंत्रज्ञांच्या आपसातल्या बोलण्याच्या लाइनवर) ऐकल्याशिवाय दिग्दर्शकाने ब्रेकमधून बाहेर येऊ नये, आणि चेक संपण्याआधी बाहेर यावंच लागलं, तर वेळ भरायला निवेदकाच्या हातात तीस सेकंदांचा मजकूर तयार ठेवा.