रविवारी फुल स्टाफ लागतो, मग पैसे देताना हात का आखडतो?

शुक्रवारी रात्री ग्रुपवर मेसेज येतो, "रविवारी फुल स्टाफ. कुणीही सुट्टी मागू नये." मागू नये म्हणे! हक्काची सुट्टी आहे ती, कुणाच्या बापाची मेहेरबानी नाही.

मी कपड्यांच्या दुकानात काउंटरला आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान वर्षाचे 365 दिवस उघडं ठेवायची मुभा दिली, तेवढं प्रत्येक मालकाला तोंडपाठ. त्याच कायद्यात लिहिलंय की कामगाराला आठवड्यातून सलग 24 तास सुट्टी द्यायची, आणि ती बुडाली तर दोन महिन्यांच्या आत बदली रजा द्यायची. त्याचं नाव काढलं की "सीझन संपू दे, मग बघू." लग्नसराई संपते, गणपती येतात, दिवाळी येते. सीझन संपतच नाही!

रविवारसाठी वेगळा दर कायद्यातच नाही, याचाही मला संताप येतो. सोमवारी दुपारी दुकानात माशी नसते. रविवारी ट्रायल रूमबाहेर कुर्त्यांचा कमरेएवढा ढीग, घड्या घालता घालता पाच गिऱ्हाइकं एकदम साइज विचारतात, पाणी प्यायला सवड नाही, टेकायला स्टूल नाही. गल्ला आठवड्यातला सगळ्यात मोठा आणि आमची हजेरी मात्र तेवढीच!

आठवड्याला 48 तासांच्या वर काम झालं तर दुप्पट दराने पैसे, हेही कायद्यातच आहे. सुट्टी खाल्ली की 48 पार होणारच, साधा हिशेब आहे. म्हणून रात्री साडेआठला सगळ्यांकडून हजेरीच्या मशीनवर थम्ब मारून घेतात आणि साडेदहापर्यंत माल लावायला थांबवतात. मशीनमध्ये आम्ही कधीच घरी गेलेलो असतो. ही सरळ सरळ चोरी आहे.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि सणांच्या आणखी चार, अशा आठ पगारी सुट्ट्या आहेत. ते चार सण कामगारांशी बोलून ठरवायचे असतात. आमच्याशी आजवर कुणी बोललं नाही. 15 ऑगस्टला तिरंग्याचा बिल्ला लावून सेलला उभं केलं, तेही साध्या पगारात.

कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी भांडून गिरणी कामगारांना रविवार मिळवून दिला, 10 जून 1890 पासून. परळला गिरण्यांच्या जागी मॉल आले आणि आधी तो रविवारच गेला.

त्यात 2025 मध्ये मंत्रिमंडळाने रोजचे तास 9 चे 10 करायचं ठरवलं, आणि कायदा लागू व्हायची कामगारांची मर्यादा 10 वरून 20 वर न्यायचं. बाजारपेठेतल्या दुकानात बारा-पंधरा पोरीच असतात हो! त्यांनी कुणाकडे जायचं?

माझ्या पगाराच्या पावतीवर ओव्हरटाइमचा रकाना छापलेला आहे. तो दर महिन्याला कोरा का येतो, हे मला मालकाने सहीनिशी लिहून द्यावं.