स्टॉलमधून बाहेर पडताना थ्रॉटल आधी नव्हे

उड्डाण शिकणाऱ्यांना एक सल्ला वारंवार ऐकायला मिळतो : ‘स्टॉलचा (पंखाची उचल एकाएकी ढासळण्याचा) इशारा वाजताच पूर्ण थ्रॉटल (इंजिनची शक्ती) द्या, नाक खाली जाऊ देऊ नका आणि उंची अजिबात गमावू नका.’ हा सल्ला चुकीचा आहे, आणि ही चूक जिवावर बेतणारी आहे.

त्यामागचे पहिले गृहीतक असे की, वेग कमी पडल्याने स्टॉल होतो, म्हणून इंजिन हाच उपाय. प्रत्यक्षात पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन, म्हणजे अँगल ऑफ अटॅक, मर्यादेपलीकडे गेला की हवेचा प्रवाह पंखाच्या पृष्ठभागापासून सुटतो आणि स्टॉल होतो, मग वेग कितीही असो. सरळ उड्डाणात ५० नॉट वेगाला स्टॉल होणारे विमान उंची राखत ६० अंश कलून वळताना सुमारे ७१ नॉटलाच स्टॉल होते. हा कोन कमी होतो तो योकवरची (विमानाचे नाक वर-खाली करणाऱ्या दांड्यावरची) ओढ सोडल्याने, गरज पडल्यास तो पुढे ढकलल्याने.

थ्रॉटल लागतेच, पण त्यानंतर. एका इंजिनाच्या प्रशिक्षण विमानात एकदम पूर्ण शक्ती दिली की नाक वर उचलले जाते आणि बहुधा डावीकडे ओढले जाते. रडरने (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूने) ते सावरले नाही, तर स्टॉलचे स्पिनमध्ये, म्हणजे गरगरत कोसळण्यात, रूपांतर होऊ शकते.

उंचीचा आग्रह मात्र सर्वांत घातक आहे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेतील बफेलोजवळ एका प्रवासी विमानात योक हादरवून स्टॉलचा इशारा मिळाला असताना कॅप्टनने योक मागे ओढला. ५० माणसे गेली. त्याच वर्षी १ जूनला एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान सुमारे ३८,००० फुटांवरून साडेतीन मिनिटे कोसळत राहिले, कारण नाक बहुतेक काळ वरच धरलेले होते. त्यात २२८ जण दगावले. तिथे उंचीची काय कमतरता होती? अमेरिकेच्या एफएएने (विमान वाहतूक नियामक संस्थेने) २०१२च्या परिपत्रकात अँगल ऑफ अटॅक कमी करण्याला पहिले स्थान दिले आणि गमावलेल्या उंचीचा ठरावीक आकडा हा मूल्यमापनाचा निकष असू नये, असे स्पष्ट केले.

‘पण धावपट्टीजवळ उंचीच नसते,’ हा आक्षेप खरा आहे. तरीही स्टॉल झालेले विमान नाक वर धरून उंची राखू शकत नाही. तिथे योकवरची ओढ सोडायला केलेल्या उशिराचा प्रत्येक क्षण उंचीच खातो.

म्हणून पहिले धडे पुरेशा उंचीवर, थ्रॉटलला हात न लावता द्यावेत. विद्यार्थ्याने केवळ ओढ सैल करावी, पंख पुन्हा हवा धरतो हे हाताला जाणवू द्यावे, आणि ते अंगवळणी पडल्यावरच शक्ती जोडायला शिकवावे.