'खुशाल' म्हणजे 'आनंदाने' नव्हे

'खुशाल' हा संस्कृत 'कुशल'चा अपभ्रंश आहे, त्याचा खरा अर्थ 'आनंदाने, मजेत' एवढाच आहे आणि म्हणून 'तो खुशाल चोरी करतो' यांसारखी वाक्ये अशुद्ध आहेत, असा एक मजकूर समाजमाध्यमांवर भरपूर फिरतो आहे. पुराव्यादाखल त्यात 'खुशालचेंडू' हा शब्दही दिला आहे. यातले एकही विधान टिकत नाही.

व्युत्पत्तीचा प्रश्न लवकर मिटतो. फारसी 'खुश' आणि अरबीतून फारसीत आलेला, स्थिती या अर्थाचा 'हाल' मिळून 'खुशहाल' झाला आणि मराठीच्या तोंडी त्यातला 'ह' गळाला. 'कुशल'शी असलेले साम्य केवळ ऐकण्यापुरते आहे. (गंमत अशी, की हाच 'हाल' मराठीत एकटा आला की माणसाचे हालच होतात.)

अर्थाचा मुद्दा मात्र सावकाश पाहण्यासारखा आहे. 'आम्ही सर्व खुशाल आहोत' असे पत्रात लिहिणारे घर काही नाचत-बागडत नसते. सगळ्यांचे बरे चालले आहे, एवढेच ते कळवते. क्रियाविशेषण म्हणून वापरताना तर हा शब्द आनंदापासून आणखी दूर जातो. 'खुशाल रडत बस' हे आपण सहज म्हणतो. त्याऐवजी 'आनंदाने रडत बस' म्हणून पाहावे. 'तो कसा गेला?' या प्रश्नाला 'आनंदाने' हे उत्तर चालते, नुसते 'खुशाल' चालत नाही, कारण 'खुशाल' क्रियेची रीत सांगत नाही, तर ती करणाऱ्याला कशाची आडकाठी किंवा दिक्कत नाही, हे सांगते. ती आडकाठी बोलणाऱ्याने दूर केली की परवानगी होते: 'खुशाल बसा'. त्याच परवानगीत राग मिसळला की आव्हान होते: 'खुशाल कोर्टात जा'. आणि करणाऱ्याने जनाची-मनाची दिक्कत स्वतःच सोडली, की 'उधारी बुडवून खुशाल समोरून फिरतो' असे वाक्य तयार होते. त्याला अशुद्ध ठरवणे म्हणजे या शब्दाची सर्वांत धारदार बाजू बोथट करणे होय.

कथालेखकाला तर हीच बाजू हवी असते. 'पाहुणे ओसरीवर ताटकळले होते आणि यजमान आत झोपला होता' ही नुसती बातमी झाली. 'झोपला'च्या आधी 'खुशाल' घातले, की यजमानाला एकही विशेषण न लावता निवेदकाची उंचावलेली भुवई वाक्यात दिसू लागते. 'मी खुशाल झोपलो' या प्रथमपुरुषी वाक्यात तो बोल स्वतःलाच लागतो आणि तो लावणारा 'मी' झोपलेला नसून नंतर मागे वळून पाहणारा असतो. 'आनंदाने' या शब्दाला यातले काहीच साधत नाही.

राहिला 'खुशालचेंडू'. तो नुसता आनंदी माणूस नव्हे; जबाबदारी ज्याच्या अंगाला चिकटतच नाही, असा माणूस. आजाऱ्याची वर्षानुवर्षे हसतमुखाने सेवा करणाऱ्या एखाद्याला हा शब्द लावून पाहावा. त्याच्या घरचे रागावल्याशिवाय राहणार नाहीत.