पत्रिका तीच, नावं वेगळी

सर्व्हर हाताने बसवायचे दिवस संपले. आता ते अ‍ॅन्सिबल नावाचं सॉफ्टवेअर बसवतं आणि आम्ही अ‍ॅन्सिबलची मनधरणी करत बसतो. मायकल डीहान या गृहस्थांनी २०१२ साली हे काढलं आणि त्याला विज्ञानकथेतल्या एका यंत्राचं नाव दिलं. ते यंत्र म्हणे अनेक प्रकाशवर्षांवर क्षणात निरोप पोचवतं. आमचा निरोप वरच्या मजल्यावरच्या सर्व्हरला पोचेपर्यंत खाली टपरीवर चहा होतो, पण ते असो.

आमच्याकडे प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनची वेगळी टास्क फाइल, म्हणजे सर्व्हरवर करायच्या कामांची यादी होती. यूजर तयार करा, फोल्डर करा, कॉन्फिग टाका, सर्व्हिस चालू करा. बिलिंगची उघडा नाहीतर रिपोर्टिंगची, मजकूर एकच. फरक नावाचा आणि पोर्टचा, म्हणजे सर्व्हरवर त्या अ‍ॅपला मिळणाऱ्या दाराच्या नंबराचा. एकाने बिलिंगची कॉपी मारून रिपोर्टिंगची केली, दुसऱ्याने तिची कॉपी मारून एचआरची, आणि या गडबडीत एचआरच्या सर्व्हरवर बिलिंगचा यूजर कित्येक महिने सुखाने नांदत होता. ते उघडकीला आलं तेव्हा टीमलीडने फर्मान काढलं, "एकच फाइल करा रे. नाव नि पोर्ट बाहेरून द्या."

प्रेसवाल्याकडे लग्नपत्रिकेचा मजकूर असतो ना, तसंच. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून 'अगत्य येण्याचे करावे' पर्यंत सगळं ठरलेलं, चि. आणि चि. सौ. कां.च्या पुढची जागा तेवढी रिकामी. फाइल बोलावणाऱ्या 'इन्क्लूड टास्क्स' या ओळीच्या खाली व्हार्स लिहायचं, नाव द्यायचं, पोर्ट द्यायचा, झाली पत्रिका तयार.

मग घरची मंडळी प्रेसमध्ये येऊन बसली. "आमचा यूजर वेगळा हवा." झाला पॅरामीटर, म्हणजे बाहेरून भरायची आणखी एक जागा. "आमची सर्व्हिस लगेच चालू करू नका, आधी डेटाबेस येऊ दे." झाला. डेटाबेसवाल्यांना सर्व्हिसच नको होती, नुसते फोल्डर हवे होते. एका टीमकडे एक पुराणा सर्व्हर निघाला, त्याच्यासाठी 'लेगसी मोड' आला. त्याहून पुराणा निघाला तेव्हा 'लेगसी मोड दोन'. 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्लीही आपापली नावं घालून गेली. ज्यांना काहीच सांगायचं नव्हतं त्यांच्यासाठी 'डिफॉल्ट ओमिट' होतंच. म्हणजे हा पॅरामीटर दिला नाही, तर तो मुळी नव्हताच असं समजावं. थोडक्यात, कृपया आहेर आणू नये. चार टास्कांच्या फाइलला बोलावताना आतल्या मजकुरापेक्षा जास्त ओळी लिहाव्या लागू लागल्या. अशा फाइलला बोलावूच नये, सरळ दोन फाइली कराव्यात, असं माझं मत आहे. मीटिंगमध्ये ते मांडलं तर 'दोन फाइली करायच्या की नाही' असाही एक पॅरामीटर येईल, म्हणून गप्प बसलो.

बोलावण्याचीही तऱ्हा निराळी. पूर्वी नुसतं इन्क्लूड होतं. २०१७ साली २.४ आवृत्तीत घराच्या वाटण्या झाल्या: इम्पोर्ट टास्क्स आणि इन्क्लूड टास्क्स. इम्पोर्ट प्लेबुक, म्हणजे सगळ्या कामांची मुख्य फाइल, वाचतानाच फाइल आत ओढून घेतं, इन्क्लूड पाळी येईपर्यंत तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. लूप लावायचा, म्हणजे तीच फाइल एकेका अ‍ॅपसाठी पुन्हा पुन्हा चालवायची, तर इम्पोर्ट चालत नाही, म्हणून आम्ही इन्क्लूडच्या वाट्याला गेलो. तिथे टॅगने, म्हणजे ठरावीक टास्कच चालवता यावेत म्हणून लावलेल्या चिठ्ठीने, दगा दिला. फक्त कॉन्फिग बदलायचं म्हणून कुणीतरी कॉन्फिगचा टॅग देऊन प्लेबुक चालवतं. टॅग इन्क्लूडच्या ओळीला लावलेला, तो आतल्या टास्कांना आपोआप लागत नाही. इन्क्लूड इमानेइतबारे जातं, फाइल उघडतं, आत त्या टॅगचं कुणी नाही हे बघून परत येतं. स्क्रीन हिरवीगार, फेल्ड शून्य. मॅनेजर खूश, कॉन्फिग जिथल्या तिथे. टॅग आत पोचवायला 'अप्लाय' लिहावं लागतं. बरं, काय काय होणार ते आधी बघावं म्हणून लिस्ट टास्क्स लावलं, तर तिथेही इन्क्लूडची एकच ओळ. आत कोण दडलंय ते चालवल्यावरच कळायचं.

लूपच्या चालू वस्तूला अ‍ॅन्सिबल 'आयटेम' म्हणतं. बाहेरच्या लूपचा आयटेम म्हणजे अ‍ॅपचं नाव. आतल्या फाइलमध्ये फोल्डरांचा लूप, त्याचाही आयटेमच. त्यात अ‍ॅन्सिबल व्हेरिएबलची किंमत काढतं ती वापरायच्या वेळी, त्याआधी नाही. त्यामुळे 'नाव म्हणजे आयटेम' असं लिहिलेलं आत गेल्यावर बिलिंगचं नाव लॉग, मग टेम्प, मग बॅकअप होत गेलं. लूप व्हार लिहून आयटेमला दुसरं नाव द्या, अशी वॉर्निंग अ‍ॅन्सिबल देतं. पण ज्या मशीनवरून आम्ही ते चालवतो तिथे कुणीतरी काउसे बसवून ठेवलेलं. ते दिसलं की अ‍ॅन्सिबल प्रत्येक टास्कचं नाव गाईच्या तोंडून वदवतं. इतक्या गाईंच्या कळपात जांभळी वॉर्निंग कोण वाचणार?

सर्वांत मानाचा पॅरामीटर मात्र 'डॅश ई', म्हणजे प्लेबुक चालवताना कमांडलाइनवरच दिलेली किंमत. कुणाचं म्हणणं खरं धरायचं, याची अ‍ॅन्सिबलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये २२ पायऱ्यांची उतरंड आहे. इन्क्लूडला दिलेले पॅरामीटर २१व्या पायरीवर, त्यांच्या वर एकटा डॅश ई. नाइट शिफ्टच्या मुलाने एका अ‍ॅपसाठी कमांडलाइनवर 'डॅश ई पोर्ट ८०८०' दिलं. जुन्या वेगवेगळ्या फाइलींत पोर्टची नावंही वेगवेगळी होती. आता फाइल एक, तेव्हा 'पोर्ट'ही एकच. लूपमधल्या, एकाच सर्व्हरवरच्या प्रत्येक अ‍ॅपला ८०८० मिळाला. पहिलं ऐटीत चालू झालं, बाकीची 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' म्हणत दारात उभी राहिली.

गेल्या महिन्यात टीममध्ये एक नवीन मुलगी आली. तिने फाइल वरपासून खालपर्यंत वाचली नि विचारलं, "सर, ही वापरतं कोण?"

"सगळे."

"मग बदलायची असेल तर?"

"सगळे फोन करतात."

तिने बिचारीने कुणाला न विचारता स्वतःच्या फोल्डरमध्ये चार टास्कांची नवी फाइल लिहिली. दोनच पॅरामीटर, आणि ते आलेत की नाही हे बघायला सुरुवातीलाच एक अ‍ॅसर्ट. पहिल्या फटक्यात चालली. टीमलीडने मान डोलावली. "मस्त झालीये गं. आता हीच सगळ्यांना वापरता येईल अशी कर."

"करते ना सर. कुणाला काय काय लागेल?"

बिलिंग, रिपोर्टिंग आणि डेटाबेस, तिघांचे हात एकदम वर गेले.