उशी जरा उशिरा

लेकराचं नाव ठरायच्या आधी त्याची उशी ठरलेली असते. आजोळाहून येते. जुन्या लुगड्याची पिशवी, आत अर्धा-पाऊण किलो मोहरी, तोंडाला दुहेरी टीप. मधोमध खळगा पाडायचा, त्यात डोकं ठेवायचं, की डोकं गोल! जिथं ही उशी दिसत नाही तिथं लेकरू बघायला आलेली बाई हातातलं झबलं खाली ठेवायच्या आधीच विचारते, "अवो, उशी कुठंय? डोकं चापट होईल ना लेकराचं!"

तिला काय सांगायचं? तान्ह्या लेकराचं डोकं अंगाच्या लांबीच्या पाव हिश्शाएवढं असतं, आपलं आठव्या हिश्शाएवढं. शिवाय ते मागून फुगीर. म्हणजे उशी जन्मतःच मिळालेली आहे. तिच्याखाली दुसरी सारली की हनुवटी छातीला टेकते आणि आधीच अरुंद असलेली श्वासाची वाट दबते. मऊ उशीत तोंड रुतलं तर मान वळवून बाहेर काढायची ताकद त्या मानेत नसते. म्हणून पहिलं वर्षभर घट्ट, सपाट अंथरूण, उताणं लेकरू आणि आजूबाजूला काही नाही. अमेरिकेत १९९४ साली उताणं निजवायची मोहीम निघाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण पुढं निम्म्याहून खाली आलं. हे सांगून पाहा. "तिकडं मोहरी मिळत नसंल," असं उत्तर येतं.

चापट डोक्याचा उपाय फुकटचा आहे, म्हणूनच कुणाला पटत नाही. लेकरू जागं असताना, नजरेसमोर, दिवसातून दोन-तीनदा तीन-चार मिनिटं पालथं ठेवायचं. आणि पाळण्यातली उशाची बाजू रोज पायथ्याला करायची. लेकरू दाराच्या उजेडाकडं, आईच्या आवाजाकडं मान वळवतं. बाजू बदलली की मानही दुसरीकडं वळते. बसायला लागलं की बहुतेक डोकी आपोआप भरून येतात.

खरी उशी दीड वर्षाच्या आत नाहीच, दोनच्या पुढं द्यावी हे उत्तम. लेकरू स्वतःच सांगतं: तुमच्या दंडावर डोकं टाकतं, वाकळीची घडी ओढून डोक्याखाली घेतं. मग गादीवाल्याकडं जा, पण जपून. कापसाच्या मुलखातला माणूस. त्याला कमी भरणं अपमान वाटतो. बारा बाय सोळा इंच सांगितलं तरी तो लोड करून देतो. जाडी दोन इंच, कापूस पाव किलोच्या आसपास, हे त्याच्यासमोर उभं राहून भरून घ्या. शेवरीचा कापूस नको, हात ठेवला की बुडतो. तळवा दाबून उचला: खड्डा हळूहळू भरून आला पाहिजे. बटण, गोंडे, नाडी काही नको. अभ्रा साध्या सुती कापडाचा, आत दुमडणाऱ्या झडपेचा. आणि दोन अभ्रे हवेतच, कारण डोक्याचं तेल, लाळ आणि परभणीच्या मे महिन्यातला घाम मिळून आठवड्यात असा आंबूस वास तयार होतो की आईलाही तोंड फिरवावं लागतं. अभ्रा गरम पाण्यात धुवायचा, उशीला कडक ऊन द्यायचं. ऊन आपल्याकडं मुबलक आहे, तेवढं तरी वापरा.

पहिले तीन-चार दिवस फक्त दुपारी द्या, तुम्ही जागे असता तेव्हा. डोकं आणि मान उशीवर, खांदे गादीवर. खांदे वर चढले की मान पुन्हा दुमडली. उंच कठड्याच्या पलंगात उशी ठेवाल तर लेकरू तिच्यावर झोपणार नाही, चढून कठडा ओलांडेल.

एवढं करून रात्री दोनला बघाल तर लेकरू घड्याळाच्या काट्यासारखं फिरलेलं, उशी पायाखाली आणि पाय बापाच्या बरगडीत. उशी परत डोक्याखाली सारायला जाऊ नका. जागं होईल.

राहिली ती आजोळची उशी. टीप उसवली की मोहरी लेकराच्या नाका-कानात जाते, म्हणून आधीच उसवून मोकळी करा. डोक्याखालची म्हणून फोडणीला कुणी घेत नाही. पण पाऊण किलो मोहरी म्हणजे लेकराचं लग्न होईपर्यंत दृष्ट काढायला पुरते.