तीन थर, तीन जनुकं? चालणार नाही गो!

चार दिवसांत तोच मेसेज मला तिघांनी पाठवला. तिसरी आमच्या फोंड्यातल्या शेजारणीची मुलगी, यंदा बारावीला. खाली तिचा प्रश्न: "काकी, हे पेपरात लिहिलं तर चालेल?"

मेसेज असा: "गर्भात तीन थर असतात आणि प्रत्येक थराचं एक स्वतंत्र जनुक असतं. कुठल्या पेशीचं काय होणार, हे पहिल्याच दिवशी डीएनएत लिहिलेलं असतं. आईचं काम फक्त पोसण्याचं. एकदा ठरलेला थर आपली हद्द कधीच ओलांडत नाही."

थर तीन, हे खरं. बाह्यस्तरातून कातडी आणि मेंदू, मध्यस्तरातून स्नायू, हाडं, रक्त, हृदय, अंतःस्तरातून आतड्याचं अस्तर आणि यकृत. पण प्रत्येकी एक जनुक? ही समजूत बहुधा ब्रॅकियुरी नावाच्या जनुकावरून आली असावी. १९२७ मध्ये आखूड शेपटीच्या उंदरांमुळे ते लक्षात आलं. त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या, की पिल्लू गर्भातच मरतं, कारण मागच्या भागातला मध्यस्तर नीट होत नाही. पुढच्या भागातला मात्र होतो! एकाच जनुकावर अख्खा थर उभा असता, तर पुढेही काही दिसायला नको होतं. शिवाय ब्रॅकियुरी आपणहून जागं होत नाही, त्याला जागं करतो तो शेजारच्या पेशींकडून आलेला संकेत.

खरी गंमत या संकेतांत आहे. १९६९ मध्ये न्यूकूप या डच शास्त्रज्ञाने उभयचरांच्या गर्भाचा वरचा तुकडा आणि खालचा, बलकाने भरलेला तुकडा वेगवेगळे वाढवले. वरच्यातून नुसता बाह्यस्तर झाला. दोन्ही एकमेकांना चिकटवून ठेवले, तेव्हा त्याच वरच्या तुकड्यात मध्यस्तर तयार झाला. जनुकं तीच, शेजार बदलला.

हा संकेत प्रामुख्याने नोडल गटातल्या प्रथिनांचा. तो किती पोचतो, यावर पुढचं ठरतं: भरपूर मिळाला तर अंतःस्तर, थोडा मिळाला तर मध्यस्तर, नाहीच मिळाला तर बाह्यस्तर. आमच्या गोव्यात चोडणच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतात, कुठे खारं सोसणारं कोरगुट भात लावायचं आणि कुठे दुसरं, हे जमिनीतल्या मिठावर ठरतं ना, तसंच काहीसं. आणि मीठ आवरायला मानस, म्हणजे खारं पाणी अडवणारं दार, असते, तसं इथे लेफ्टी नावाचं प्रथिन असतं. नोडलच लेफ्टीला जागं करतो आणि लेफ्टी नोडलला अडवतो.

"पहिल्याच दिवशी लिहिलेलं" हा दावा तर १९२४ मध्येच कोसळला. हिल्डे मॅन्गोल्ड आणि हान्स स्पेमान यांनी न्यूट या शेपटीवाल्या उभयचराच्या एका गर्भातला छोटा तुकडा दुसऱ्याच्या पोटाच्या बाजूला बसवला. दोघांचे रंग वेगळे, म्हणून कोण कुणाची पेशी ते ओळखू येई. तिथे दुसरा मज्जारज्जू उभा राहिला, आणि तो बहुतेक यजमानाच्याच पेशींचा. ज्यांची पोटाची कातडी व्हायची, त्या मज्जातंतूंच्या वाटेला लागल्या. पुढे कारण सापडलं: त्या तुकड्यातून कॉर्डिन, नॉगिन ही प्रथिनं पाझरतात आणि कातडी घडवणाऱ्या बीएमपी संकेताला अडवतात. स्पेमानना १९३५ मध्ये नोबेल मिळालं. हिल्डे १९२४ मध्येच अपघातात गेली होती. वर्गात हे सांगताना दरवर्षी माझा आवाज थोडा चढायचा.

माणसात हे थर गर्भाच्या तिसऱ्या आठवड्यात तयार होतात. त्याआधी एका गर्भाचे दोन होऊन जुळी जन्माला येऊ शकतात. पहिल्याच दिवशी सगळं ठरलेलं असतं, तर दोघांना अर्धं अर्धं शरीर मिळालं असतं.

आईबद्दलचं वाक्य वाचून मला रागच आला. पावसात डबक्यात तरंगणारी बेडकाची अंडी आपण सगळ्यांनी पाहिलीत. झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या अंड्यात फलनाच्याही आधी, खालच्या बाजूला, आईने व्हेजटी नावाचा आरएनए ठेवलेला असतो. पुढे नोडलचे संकेत सुरू होतात ते त्याच्यामुळे. बापाची जनुकं तेव्हा यायचीच असतात. उंदरात आणि माणसात व्यवस्था वेगळी आहे, पण "फक्त पोसण्याचं" हे सरसकट विधान बेडकीपुढेच टिकत नाही.

राहिली हद्द. बाह्यस्तराच्या काठावरून न्यूरल क्रेस्ट नावाच्या पेशी निघतात आणि गर्भभर भटकतात. त्यांतून रंगपेशी होतात, चेतापेशी होतात आणि चेहऱ्याची बरीचशी हाडंही होतात. म्हणजे "मध्यस्तरातून हाडं" असं वर मीही सरसकटच लिहून गेले. पेपरात लिहिताना चेहरा वगळ गो.