मीठ, कोळसा आणि 64 जीबी

सोसायटीच्या बोर्डावर परवा नोटीस लागली. 'बी-204 मधील कॉम्प्युटर वारंवार बंद पडत असल्याचे निदर्शनास आल्यावरून इमारतीचे अर्थिंग नव्याने करण्यात येत आहे. प्रत्येक सभासदाने 350 रुपये जमा करावेत.' बी-204 म्हणजे मी. तेव्हापासून लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे असे बघतात, जणू गच्चीवरच्या टाकीत पाय सोडून बसताना मला पकडलंय.

तर निदान इथे लिहून ठेवतो. माझा कॉम्प्युटर बंद पडण्याचा आणि अर्थिंगचा काडीचाही संबंध नव्हता.

मी लग्नामुंजीचे व्हिडिओ एडिट करतो. जुनं मशीन थकलं, म्हणून सुटे भाग आणून नवं जोडायचं ठरवलं. डोंबिवलीहून दादर, पूल चढून पश्चिम रेल्वे, ग्रँट रोड, आणि मग लॅमिंग्टन रोड. (त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ते सांगून बघा, टॅक्सीवाला तुम्हालाच पत्ता विचारेल.) मी 16 जीबीच्या दोन रॅम, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मरणशक्तीच्या दोन पट्ट्या, मागितल्या. दुकानदार म्हणाला, "साहेब, बोर्डवर चार स्लॉट आहेत. दोन रिकामे कशाला ठेवता?" इथेच घात झाला. रिकामी जागा आम्हाला बघवत नाही. माळ्यावर वीतभर कोपरा मोकळा दिसला तरी आम्ही तिथे श्रीखंडाचे रिकामे डबे रचतो. घेतली दोन पाकिटं. चार पट्ट्या, म्हणजे दुकानाच्या भाषेत चार स्टिक, 64 जीबी. पाकिटावर 6000 हा वेगाचा आकडा दुकानाच्या पाटीएवढा.

जोडणी झाली. हा वेग आपोआप मिळत नाही, बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये) जाऊन त्याचं प्रोफाइल चालू करावं लागतं. ते केलं. पहिल्यांदा चालू करताना पाचेक मिनिटं स्क्रीन काळाच राहिला. डीडीआर5 जातीची ही रॅम आधी मदरबोर्डशी ओळख करून घेते म्हणे. ठरवून केलेल्या लग्नातही एवढा वेळ घेत नाहीत. मग दोन दिवस मशीन गुणी बाळासारखं चाललं. तिसऱ्या दिवशी डोंबिवलीतल्याच एका बारशाचा व्हिडिओ रेंडर होत (म्हणजे शेवटची फाइल तयार होत) असताना, 94 टक्क्यांवर, स्क्रीन निळा. वर एक रडका चेहरा आणि खाली कारण: 'मेमरी मॅनेजमेंट'. पुढच्या वेळी कारण वेगळं, त्याच्या पुढच्या वेळी तिसरंच. शाळेला दांडी मारणारं पोरसुद्धा आजोबांना एवढ्या वेळा मारत नाही.

नेमके तेव्हा वरच्या मजल्यावरचे काका देखभालीची पावती द्यायला आले. काका वीज खात्यातून निवृत्त झालेत. खातं त्यांच्यातून अजून निवृत्त झालेलं नाही.

"अर्थिंग बघितलंस?"

"काका, हा रॅमचा प्रॉब्लेम आहे."

"रॅमला करंट लागतो ना?"

"लागतो."

"मग?"

या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. काका वर गेले आणि टेस्टर, होल्डरला लोंबणारा 100 वॉटचा बल्ब आणि घरचा स्टूल घेऊन परत आले. टेस्टर कॅबिनेटच्या पत्र्याला टेकवला. तो मिणमिणला. काकांचा चेहरा त्याहून जास्त उजळला. मग बल्बची एक वायर प्लगच्या फेजमध्ये, दुसरी अर्थमध्ये. (घरी करू नका. काकांनी 35 वर्षं केलंय आणि तरीही काकू तेवढा वेळ जिन्यात जाऊन उभ्या राहतात.) अर्थ धड असेल तर बल्ब पेटायला हवा. पेटला नाही.

"मेलेलं आहे," काका म्हणाले. एवढ्या आनंदाने मृत्यूची बातमी सांगणारा माणूस मी पाहिला नव्हता.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर अर्थिंग खरोखरच तुटलेलं होतं. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या, त्या मी उत्साहाच्या समजत होतो. पण म्हणून रॅम बिघडते का? नाही. हे मी काकांना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांनी "बरोबर आहे तुझं" असं म्हणून इलेक्ट्रिशियनला फोन लावला.

त्या रात्री मी पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट लावली. ही चाचणी रॅमचा कानाकोपरा तपासते आणि चूक सापडली की लाल ओळ दाखवते. तिच्या एका पूर्ण फेरीला पास म्हणतात. 64 जीबीला अख्खी रात्र जाते. काका चहा घेऊन स्टुलावर बसले.

"किती झाले?"

"एक पास, शून्य एरर."

"मेडन," काका म्हणाले.

दुसऱ्या पासात लाल ओळी उमटायला लागल्या. काकांनी चष्मा लावला, खिशातून डायरी काढली आणि रीडिंग उतरवून घ्यायला सुरुवात केली. रॅममध्ये चूक कुठे आहे त्या जागेच्या पत्त्यांमधले बी आणि एफ बघून थबकले. "आकड्यात अक्षरं कशी?"

"सोळाच्या पायावरचे आकडे आहेत, काका. नऊनंतर ए ते एफ."

"म्हणजे थ्री फेज." उतरवून झाल्यावर म्हणाले, "मागचं रीडिंग किती होतं?"

दुसऱ्या दिवशी सॉकेटचं अर्थिंग जोडलं गेलं. त्या संध्याकाळी मशीन तीन तास चाललं, कारण मी फक्त मेल वाचत होतो. तेवढ्यात काकांनी जिन्यात, भाजीवाल्याकडे आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर निकाल जाहीर केला. रात्री बारशाचा व्हिडिओ पुन्हा 94 टक्क्यांवर मेला. ते ऐकायला जागं कोण होतं?

मग मीच बसलो. एकेक स्टिक वेगळी तपासली, निर्दोष. दोन-दोन लावल्या, निर्दोष. चारही लावल्या की लाल ओळी. शुद्ध भाऊबंदकी! सुटे सुटे देवमाणूस, एका छपराखाली आले की वाटणीचा दावा. एका चॅनेलवर (प्रोसेसरकडे जाणाऱ्या एका रस्त्यावर) दोन स्टिक आल्या की दोघींना एकाच वायरिंगवरून बोलावं लागतं, आणि एवढ्या वेगात सिग्नलचा पार काला होतो. प्रोसेसरच्या कंपनीने हे लिहूनही ठेवलंय. पानाच्या तळाशी एक तक्ता आहे: दोन स्टिक असतील तर 5600, चार असतील तर 3600. तीन हजार सहाशे! 6000 ही त्यांच्या लेखी हौस, हमी नव्हे. मग हौशीचा आकडा पाकिटावर एवढा मोठा आणि हमीचा तळघरात, हे कुठल्या न्यायाने? लोणच्याच्या बरणीवरसुद्धा सोडियम किती ते लिहावं लागतं.

दुकानदाराला फोन केला. "पाकीट फोडलंत का साहेब?"

"न फोडता बसवणार कशी?"

"मग ओपन पीस झाला."

दोन स्टिक काढून ड्रॉवरमध्ये ठेवल्या. 32 जीबीवर, पूर्ण 6000च्या वेगात, मशीन तीन आठवडे चालतंय. बारसं पोचतं झालं. आणि श्रेय कोणाला? काल खाली अंगणात खड्डा खणला, त्यात मीठ-कोळसा भरला, आणि काका शेजारी पायाभरणीला आलेल्या मंत्र्यासारखे उभे. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मला म्हणाल्या, "तुमच्या कॉम्प्युटरपायी साडेतीनशे गेले हो." मी माझे भरले. पावतीवर काकांच्या अक्षरात कारण लिहिलंय: 'संगणक'.

पावती फाडून हातात देताना काका हळूच म्हणाले, "आता त्या उरलेल्या दोन पण लाव. आता अर्थिंग आहे."

रात्री दार नीट लावून घेतलं आणि लावून बघितल्या. अकराव्या मिनिटाला निळा.

काकांना सांगितलेलं नाही.